अकेले में तो ज़्यादा

थंडी पडली की आमच्या ग्वाल्हेरात नई सडकेवर तिळाची गजक कुटायला घेतात. गूळ-तिळाचा तो खमंग वास दुकानातून पार रस्त्यावर येतो, आणि लोक म्हणतात, वा, संक्रांत आली. मी मात्र तो वास आला की आजही पलीकडच्या कडेनं चालते. तुम्हालाही असा एखादा वास असेलच, सगळ्यांना आवडणारा आणि तुम्हाला नकोसा.

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. आमची मराठी हिंदीच्या मांडीवर वाढलेली, आणि हिंदीही मराठीच्या वळणाची. लग्नानंतरच्या काही वर्षांत माझी झोप उडाली, अन्न जाईना, पोळ्या लाटता लाटता डोळे वाहायचे. शेवटी मी एकटीच विद्यापीठाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभागात गेले. घरी सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जाते. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणारी सून आमच्या घराला झेपली नसती. माहेरी पोचवून मोकळे झाले असते, आणि पोर ठेवून घेतलं असतं. मला भीती होती ती एवढीच, पण ती पुरेशी होती.

तिथल्या शिकाऊ डॉक्टरनं विचारलं, “क्या तकलीफ़ है?” मी म्हटलं, “घर में सब मुझे बोलते हैं.” त्यानं मान वर केली. “अकेले में भी?” मी म्हटलं, “अकेले में तो ज़्यादा.” बिचारा गंभीर झाला. कानात आवाज येणारी बाई म्हणून त्यानं मला थेट विभागप्रमुखांपुढे नेऊन बसवलं. त्या आमच्यातल्याच निघाल्या. माझं आडनाव ऐकून हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, “अगं, बोलतात म्हणजे रागावतात, टाकून बोलतात, असंच ना?” मला रडूच कोसळलं. इतक्या दिवसांत माझं बोलणं कळलेलं ते पहिलं माणूस. मग मी त्यांना ताई म्हणू लागले. गोळ्यांनी झोप आली हे खरं, पण जीव थाऱ्यावर आला तो त्या खोलीत मराठीत बोलून. आईलाही न सांगितलेलं मी तिथे सांगितलं. सासूबाई तेवढ्या म्हणायच्या, “किती दात आहेत गं तुला? संपतच नाहीत.”

संक्रांतीला आमच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं. ताईंना दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. मनाच्या आजाराला लाजू नका, असं त्या फार सुंदर बोलल्या. मला अभिमानच वाटत होता. मग बायका कंटाळलेल्या पाहून म्हणाल्या, “एक गंमत सांगते.” आणि त्यांनी माझी गोष्ट सांगितली. “अकेले में तो ज़्यादा” हे तर हुबेहूब माझ्या आवाजात. नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, किला गेटकडची, म्हणजे आमच्याच भागातली, एक सून, आणि घरी सांगून येते, दात दुखतो. हॉल हसून लोटपोट झाला. शेजारी सासूबाईही पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता थांबल्या. माझ्याकडे पाहिलं नाही, हातातला तिळगूळ तेवढा पिशवीत टाकला.

रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, “काय गं, दात बरे झाले का आता?”

त्यांनी मला हाकललं नाही, तेवढं नशीब. पण पोराला माझ्याजवळ एकटं ठेवणं त्या दिवसापासून बंद झालं. तो माझ्या कुशीत आला की कुणीतरी दारात येऊन उभं राहायचं. सासूबाईंचा मला राग नाही आला. त्यांनी कधी आपलेपणा दाखवलाच नव्हता. जिनं दाखवला, तिनं माझं दुःख वाणासारखं वाटून टाकलं, हे मला आजही सहन होत नाही. तिला ते आठवतही नसेल. तिच्या मनात वाईट नव्हतं, हेही मला कळतं, आणि कळून काही उपयोग होत नाही.

मी पुन्हा त्या खोलीत गेले नाही. उन्हाळ्यात एका लग्नात ताई भेटल्या. “अगं, आलीच नाहीस. बरी आहेस ना?” मी हसून म्हटलं, “अगदी बरी आहे, ताई.” त्यांनी माझ्या गालाला हात लावला, “बघ, बरी होशील म्हटलं नव्हतं?” म्हणाल्या आणि समाधानानं पंगतीला गेल्या. माणसांची मनं वाचण्यात उभा जन्म घालवलेली बाई, आणि तिला ते पटलं.