पत्रपेटीवरचं आडनाव

तू इटलीत पोचलीस, खोली मिळाली, थंडी फार आहे, एवढं फोनवर कळलं. परदेशी जाताना काय न्यावं, काय जपावं, याची यादी आजीनं दादाला दिली आणि मला का नाही, असं तू आईला विचारलंस म्हणे. दादाला दिली होती, खरं आहे. चार पानं, सुवाच्य अक्षरात, प्रत्येक मुद्द्याला आकडा. त्याचं पुढे काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. मी सांगते.

मी परभणीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. मुलांचे परीक्षेचे अर्ज मी भरून घेत असे, आणि माझ्या वर्गाचा एकही अर्ज चूक म्हणून परत आला नाही याचा मला गर्व होता. दादा जर्मनीला निघाला तेव्हा त्याची फाइल मीच लावली. पासपोर्टच्या तीन प्रती: एक बॅगेत, एक अंगावर, एक घरी. औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. लोणचं हातातल्या बॅगेत नको. काही ठिकाणी रेल्वेचं तिकीट काढून भागत नाही, फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो, हेसुद्धा मी वाचून लिहिलं होतं. आजोबांनी यादी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "मास्तरीनबाई, श्वास कवा घ्यायचा तेबी लिवा."

वसतिगृहाचा अर्ज आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून भरला. पूर्ण नावासाठी एकच चौकोन होता. पासपोर्टसारखं लिहू का, असं दादानं विचारलं. मी म्हटलं, मार्कशीटसारखं लिही, सगळे कागद एकसारखे दिसले पाहिजेत. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव आणि शेवटी वडिलांचं. त्यानं तसं लिहिलं. तिकडच्या लोकांनी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं धरलं आणि दादाच्या पत्रपेटीवर तुझ्या बाबांचं नाव छापून लावलं.

त्यानं फोटो पाठवला तेव्हा घरभर हसू. बापाचं कधी ऐकलं नाहीस, आता बापाच्या नावानं दिवस काढ, असं तुझी आई म्हणाली. मीही हसले. एकटे आजोबा हसले नाहीत. त्यांना शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी हजेरीत आडनावाच्या जागी जात लिहिली होती. नोकरी लागल्यावर त्यांनी स्वतः कचेऱ्यांच्या फेऱ्या मारून, राजपत्रात छापून आणून, आपलं आडनाव लावून घेतलं. तेच आपण सगळे वापरतो. दादाशी बोलणं चालू होतं, त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"हसण्यावारी नेऊ नको. ते नाव दुरुस्त करून घे. आडनाव आपल्याला फुकट मिळालेलं न्हाई."

"हो आजोबा, करतो," दादा म्हणाला. "इथं कुणाला काय फरक पडतो?"

बरेच महिने खरंच काही फरक पडला नाही. बँकेचं कार्ड त्यानं जाऊन आणलं होतं, बाकी सगळं ईमेलवर येत होतं. मग राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली. त्यानं अर्ज वेळेत केला. कार्यालयानं भेटीची तारीख टपालानं कळवली, पासपोर्टवरच्या आडनावानं. आपल्याकडे पत्ता अर्धामुर्धा असला तरी पोस्टमन पानपट्टीवर विचारून घर गाठतो. तिकडे पेटीवर नाव नाही म्हणजे तो माणूस तिथं राहत नाही. पत्र परत गेलं. तारीख निघून गेली, परवान्याची मुदतही संपली.

त्याच आठवड्यात आजोबांना दवाखान्यात न्यावं लागलं. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. दादानं तिकीट बघितलं, चौकशी केली, आणि तेव्हा त्याला सगळं कळलं. देशाबाहेर पडता येईल, पण परत आत येता येणार नाही, आणि शेवटची परीक्षा राहिलेली. नवी तारीख मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची.

आजोबांनी विचारलं, "निघाला का?"

खरं सांगायचं तर पेटीवरच्या नावाचंही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, निघालाय. दुसऱ्या दिवशी सांगितलं, मुंबईत उतरला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, गाडी मनमाडला अडकली आहे.

"लय उशीर करायलीय गाडी," ते म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. पाचव्या दिवशी ते गेले.

जलदानाच्या विधीला दादा फोनवर होता. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता आणि वंदना चालू असताना त्याचं चित्र दोनदा थिजलं. नातू का आला नाही, असं पाहुण्यांनी विचारलं. मी सांगितलं, रजा मिळाली नाही. खोटं बोलायला एव्हाना मला जड जात नव्हतं.

पुढे दादानं नवी पट्टी लावलेल्या पेटीचा फोटो पाठवला. स्पेलिंग बरोबर आहे. मी उत्तर दिलेलं नाही. मी त्याच्यावर रागावले आहे असं तो समजतो, आणि ते खोटं नाही. पण तो चौकोन तसा भरायला मी लावला होता, आणि आजोबा बजावत होते तेव्हा हसणाऱ्यांत मीही होते. चार पानांत ही एक ओळ नव्हती, कारण नाव लिहायला तरी मला येतं असं मी धरून चालले होते.

म्हणून तुला यादी नाही. आज खाली उतर आणि पेटीवर पासपोर्टवरचंच आडनाव आहे का ते बघ. फोनवर 'हो आजी, करते' असं सांगू नकोस, तसलं उत्तर या घरानं एकदा ऐकलेलं आहे. हे पत्र मी टपालानं पाठवते आहे. पाकिटावर तुझं नाव नाही, फक्त आजोबांनी लावून घेतलेलं आडनाव आणि तुझ्या इमारतीचा पत्ता आहे. मागच्या बाजूला माझा पत्ता लिहिला आहे. परत आलं तर मला कळेल.