पोरीचं स्थळ घेऊन आलेले पाहुणे

आमच्या गावात लग्नाची पोरं खंडीभर आहेत आणि पोरी कोणी देत नाही. म्हणून मानोऱ्याकडचे नवरा-बायको आपल्या पोरीसाठी माझ्या नातवाला पाहायला आले, तेव्हा मी पाहुण्याला टोपी-दुपट्टा दिला, सुनेला पुरण घालायला लावलं. नातवाचा बाप लवकर गेला. घरातलं बोलणं माझंच.

पाहुण्यानं विचारलं, "पोरगा करते काय, बुवा?"

"घरी बसून बाहेरदेशातल्या लोकायचं कम्प्युटरचं काम करते. साहेब हाये साहेब!"

"सारेच असं सांगतात. मागं एक पोरगा पाह्यला. त्याचा कम्प्युटर नुसता सिनेमे पाहाचा निंगाला."

हे मला झोंबलं. मी शाळा दुसरीत सोडली, पण माझ्या घराला कोणी खोटं म्हटलेलं मी ऐकून घेत नाही. नातवाला म्हटलं, "उघड रे तुही खोली. दाखव यायले."

"राहू द्या ना, आबा."

"कायले लाजतं? तू काय पोरगी हायेस का?"

त्यानं मशीन सुरू केलं, पासवर्ड टाकला. तोवर पदर सावरत बसलेली बाई उठली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. "बंद नको करू, बेटा."

ती सायबर पोलिसांची फौजदार होती. नवरा म्हणून आलेलाही पोलीसच. बंद मशीनचं कुलूप त्यांना तोडता आलं नसतं, म्हणून ते चालू हवं होतं.

नातू परदेशी टोळीत होता. ते लोक दवाखान्यांच्या कम्प्युटरांत शिरून सारं अडवून ठेवायचे आणि खंडणी मागायचे. पुसून टाकलेले निरोपसुद्धा तपासणाऱ्यांनी त्या मशीनमधून बाहेर काढले.

सरकारनं मला साक्षीला बोलावलं. आमचा वकील म्हणाला, "आबा, मशीन नातवाचं नव्हतं, दोस्तानं ठेवलं होतं, एवढंच म्हणा." सुनेनं पाय धरले. "मामाजी, माह्या लेकराले सोडवा."

वाशीमच्या कोर्टात माझ्याआधी एक परदेशी नर्स पडद्यावरून बोलली. दुभाष्यानं सांगितलं, तिच्या दवाखान्यातल्या मशिनी अडल्या त्या दिवशी एक म्हातारा ऑपरेशन न होताच परत नेला. तो वाचला नाही. सांगता सांगता तिनं तोंड फिरवलं.

मग मला विचारलं, मशीन कोणाचं?

नातू समोर उभा होता. दाढी वाढलेली. माझ्याकडंच पाहत होता.

मी म्हणालो, "नातवाचं. मीच उघडाले लावलं."

त्याला शिक्षा झाली. सून ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. मी खोटं बोलायला पाहिजे होतं, असं मला आजही वाटत नाही. तरी घास उतरत नाही.

जेलात भेटायला गेलो. शिपाई आत जाऊन परत आला. "आजोबा, तो येत नाही म्हणते."

"त्याले सांग, मी बसून हावो."

भेटीला आलेली माणसं एकेक करून निघून गेली. मी उठलो नाही. शेवटी शिपायानंच हाताला धरून मला फाटकाबाहेर आणून सोडलं.