युसूफभाऊंचे दोन चष्मे

युसूफभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा बायको तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "आपलं लग्न लांबवणारा माणूस गेला..."

एकोणीसशे पन्नासच्या दशकात युसूफभाऊ मूल-सिंदेवाही रस्त्यावर प्रवासी मोटार चालवत. दूरचं दिसण्यासाठी त्यांना जाड भिंगांचा चष्मा लागे, आणि 'चष्मेवाला डायवर' म्हणून लोक हसत. नागपूरच्या एका निसर्गोपचारवाल्यानं त्यांना कमी नंबरचा चष्मा दिला. हाच सदा लावा, नजर आपोआप सुधारेल, म्हणाला. युसूफभाऊंनी त्यातला अर्धाच सल्ला मानला. घरी पेपर वाचताना हलका चष्मा, गाडीवर बसले की पुरा नंबर. मी विचारलं तर म्हणाले, "डोळे माहे हायत, त्यायच्यावर प्रयोग करीन. गाडीतले लोक माहे नाईत."

माझ्या लग्नाचं वऱ्हाड त्यांच्याच गाडीत होतं. जंगलात इंजिन तापलं. पाणी ओतायला ते वाकले आणि नाकावरचा चष्मा दगडावर पडून फुटला. खिशात हलका होता. माझे मामा म्हणाले, "तो लावा अन् चला, मुहूर्त टळून राह्यला!"

"याच्यानं दूरचं धूसर दिसते, मामाजी. वळणावर बैलबंडी आली तं मले उशिरा दिसन."

"रोजचा तं रस्ता हाय तुमचा!"

"रस्ता रोजचा हाय, पण समोरून येनारा रोजचा नाई."

मामा संतापले, कोणी शिव्याही दिल्या. जवळच्या गावी चालत जाऊन युसूफभाऊंनी बैलबंड्या आणल्या, बायकामुलांना बसवलं, आणि स्वतः आमच्यासोबत पायी आले. मांडवात शिरताच त्यांनी माझ्या सासऱ्यांसमोर हात जोडले. "उशीर माह्यामुळं झाला, नवरदेवाले बोलू नका." दिवेलागणीला लग्न लागलं. त्या दिवशी गाडी हाकली असती तर काही झालं असतं की नसतं, कोण सांगणार? पण मला त्या माणसाजवळ बसावंसं वाटू लागलं, ते तेव्हापासून. गाडीच्या मालकानं त्यांना चारचौघांत सुनावलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं.

पुढे वर्षभरानं ते डोळे तपासून आले. नंबर उतरला का, म्हणून आम्ही उत्सुक. ते मोकळं हसले. "जसाच्या तसा हाय! पण वाचताना डोकं दुखे, ते थांबलं. तेवढंच खरं." आशा मोठी होती त्यांची, तरी फायदा झाला तेवढाच सांगितला. कोणी आपला चष्मा टाकून द्यायला निघाला की ते आधी डॉक्टरकडे धाडत.

परवा आम्ही युसूफभाऊंच्या घरी भाभींना भेटायला गेलो. अंगणात तलावाकडे तोंड करून युसूफभाऊंची खाट अजून तशीच आहे. भाभी म्हणाल्या, संध्याकाळी चष्मा काढून ते इथं बसत आणि पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, येणारा माणूस ओळखायचा खेळ खेळत. बहुतेकदा चुकत... मग दोघं हसत. मला त्यांनी तिथंच बसवलं. तेवढ्यात पाळीवर कोणी दिसलं आणि भाभी सवयीनं बोलून गेल्या, "सांगा, कोन येऊन राह्यलं?"

येणारा त्यांचा शेजारी होता, मला स्वच्छ दिसत होता. मी म्हणालो, "ओळखू येत नाई, भाभी. तुमीच सांगा."