डागानं जगलेली बकरी

माझा भाऊ बकरीच्या दुधावर वाढला, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ती बकरी कशी जगली, हे मात्र जो तो खोटं सांगतो, आणि ते ऐकलं की माझं डोकं अजून फिरतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. आम्ही माळी, भातकुलीच्या अलीकडे नाल्याकाठी आमचा मळा. भाऊ झाला आणि मायला तापानं धरलं, दूध आटलं. घरात तीन बकऱ्या, त्यांतली दुभती एकच, पांढरी. तिच्या दुधात पाणी घालून, उकळून, माय त्याला कापसाच्या बोळ्यानं पाजायची. पावसाळा अर्धा सरला तशी बकरी खंगायला लागली. हगवण नाही, खोकला नाही, नुसती वाळत चालली. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली. दूध आधी पेलाभर, मग चूळभर. भाऊ रडून रडून निळा पडायचा.

आणि हे सगळं आमच्याच हातांनी चाललं होतं. माळ्याला लेंडीखताचा भारी सोस. बाबा रोज सकाळी गोठा झाडून ताज्या लेंड्या पाटाच्या कडेच्या गवतावर फेकायचे, वरून पाणी सोडायचे. गवत गुडघाभर वाढायचं. तेच गवत दवानं ओलंचिंब असताना कापून बकऱ्यांपुढे टाकायचे. पोटातले जंत लेंडीतून गवतावर आणि गवतातून पुन्हा पोटात, असा फेरा आम्ही खतपाणी घालून पोसत होतो. बाबांना वाटे, आपण बकऱ्यांचे लाड करतोय!

एक धनगरीण मेंढरं घेऊन बांधावरून जायची. तिनं एकदा थांबून बकरीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून दाखवली. आत लाली नव्हतीच, चुन्यासारखी पांढरी.

"किडे रगत पिऊन राहिले हिचं," ती म्हणाली. "दादा, हे ओलं गवत बंद करा. ऊन तापल्यावर बोरी-बाभळीचा पाला द्या, उंच टांगून. अन् पळसपापडी चारा."

"माळ्याले गवत शिकवून राहिली का तू? आपली मेंढरं पाय," बाबा म्हणाले.

मायनं भीत भीत अमरावतीच्या ढोरांच्या दवाखान्याचं नाव काढलं. "बकरीले कोन डाक्टरले दाखवते? लोक हासतीन." बैल आजारला तेव्हा हेच बाबा दोन दिवस त्या दवाखान्यात ठाण मांडून बसले होते.

त्याच दुपारी त्यांनी विळा चुलीत लाल केला आणि बकरीच्या सुजेवर डाग दिला. तिचे पाय मी धरले होते. तो जळक्या कातड्याचा वास, ते ओरडणं! मला बाबांचा तेव्हा राग आला, तो आजही आहे. ते दुष्ट नव्हते, म्हणून तो कमी करावा असं मला वाटत नाही.

पळसपापडी म्हणजे पळसाच्या शेंगेतलं चपटं बी. मायनं ते भिजवून, सोलून, वाटून गुळात कालवलं आणि बाबा बाजाराला गेले की बकऱ्यांना चारलं. तीन दिवस दिलं, काही दिवस थांबली, पुन्हा दिलं. अंगात ताप असताना काट्यांतून पाला तोडून आणला. हात ओरबाडून निघाले. बाबांची पाठ वळली की ओलं गवत उचलून बैलांपुढे टाकी. गोठा आता मीच झाडते म्हणून खराटा स्वतःकडे घेतला आणि लेंड्या लांब खड्ड्यात पुरू लागली.

महिन्याभरात पापणी गुलाबी झाली, सूज उतरली, भावाचं पोट भरू लागलं. बाबा मिशीला पीळ देत सांगत सुटले, "एका डागात बकरी उभी केली!" लोक आपापल्या बकऱ्या घेऊन दारात यायला लागले. बाबा डागायचे. त्या मरायच्या. "उशीर केला तुमी," बाबा सांगायचे. आणि तो विळा तापवायला चूल पेटवून कोण द्यायचं? माय! मागच्या दारानं एखाद्या बाईच्या पदरात ती पळसपापडी बांधून द्यायची. ती बकरी जगली की नाव पुन्हा डागाचंच. मायचाही मला राग येतो.

माय गेली. तेराव्याच्या पंगतीत भाऊ, आता स्वतःच्या मिशा पांढऱ्या झालेला, पाहुण्यांना सांगत होता, "बाबानं डाग देल्ला म्हणून बकरी जगली, अन् बकरी जगली म्हणून मी."

मी वाढत होते. हातातलं पातेलं खाली आपटलं. पळसपापडी, पाला, लेंड्यांचा खड्डा, सगळं भर पंगतीत सांगून टाकलं. आवाज चढला होता, चढू दिला.

भाऊ माझ्याकडे वळला.

"ताई, तुले एवढं सारं माहीत होतं," तो म्हणाला, "तर माय होती तवा तू काहून नाही बोलली?"

सगळी पंगत हात थांबवून माझ्याकडे बघत होती. मी पातेलं उचललं आणि पुढच्या पानावर भाजी वाढली.