जाळीची खरखरीत बाजू

ऑफिसात तिच्या पाठीमागे सगळे तिला शंकाबाई म्हणत. इमारतींना लावायची छिद्रांची पत्र्याची जाळी ठरवणं हे तिचं काम: पत्रा किती जाड, भोक केवढं, दोन भोकांत अंतर किती, रंग कुठला. सगळं नीट लिहून द्यायचं आणि तसंच आलं असेल यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. नमुना आला की ती खिडकीशी जाऊन तो उजेडाला धरायची, नखाने रंग खरवडायची.

"लग्नाआधी मलाही असंच उजेडाला धरलं असतंस," नवरा म्हणायचा.

"धरलं होतं. तेव्हा नेमके दिवे गेले होते."

नव्या बालवाडीच्या जिन्याला एका बाजूने वरपर्यंत जाळी होती. चढता-उतरताना मुलं तिच्यावर तळहात घासत जाणार, हे तिला जाळी लागायच्या आधीच दिसत होतं. म्हणून तिने भोक इतकं बारीक ठरवलं की इवलंसं बोटही आत जाऊन अडकू नये. शिवाय ठेकेदाराला तोंडीही बजावलं होतं. भोक पाडताना यंत्राचा दांडा पत्र्यात शिरतो ती बाजू गुळगुळीत असते. बाहेर पडतो त्या बाजूला बारीक धार राहते. गुळगुळीत बाजू मुलांकडे हवी.

ठेकेदाराने तिला बोलावलं ते सगळी जाळी बसवून झाल्यावर, शाळा उघडायला दोन दिवस असताना. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. एरवी बघायला गेलं की कपाळाला आठ्या घालणारा माणूस आज खुर्ची पुसून देत होता, चहा मागवत होता, सासूबाईंची तब्येत विचारत होता.

"चहा नंतर," ती म्हणाली.

जाळी दिसायला देखणी होती. भोकं बरोबर, रंग बरोबर. तिने रुमाल काढला आणि जिन्याच्या बाजूने जाळीवर फिरवला. चार बोटं जातो न जातो तोच तो अडकला. ओढला तर धागे निघाले.

"उलटी लावलीत," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, तुम्ही काहीतरी घोळ घालणार."

"मॅडम, माझ्यावर कशाला डाफरता?" ठेकेदार चिडला. "साहेबांनी स्वतः सांगितलं, गुळगुळीत बाजू रस्त्याकडे घे. मी कशाला मधल्या मधे मरू?"

साहेब म्हणजे तिच्या ऑफिसचे मालक, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूल लहान होतं म्हणून घरी बसलेल्या तिला त्यांनीच पुन्हा कामावर आणलं होतं. इतके दिवस तिने डोळ्यांत तेल घालून ठेकेदारावर नजर ठेवली. भावोजींवर ठेवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

ते खाली इमारतीचे फोटो काढायला आलेल्या फोटोवाल्याशी बोलत होते. ती म्हणाली, "भावोजी, जाळी काढावी लागेल."

"अगं, रस्त्यावरून किती सुरेख दिसतेय बघ! वर रंग चढलाय, धार कसली राहतेय?"

तिने रुमाल पुढे केला. त्यांनी धागे पाहिले आणि नजर वळवली.

"कडा दुमडल्यात, आता उलटवता येणार नाही. सगळी नवी करावी लागेल. आज तू जाळी पास केल्याची सही कर, सुट्टीत बदलू."

"सुट्टीपर्यंत मुलांनी हात खिशात घालून जिना चढायचा का?"

"तुझी ताई म्हणते ते खोटं नाही. तुला सगळीकडे साप दिसतात."

"दिसू देत. मी सही करणार नाही."

त्यांनी फोटोवाल्याला हाताने थांबायची खूण केली. मग एकदम गोड आवाजात म्हणाले, "बरं, काढू. तू घरी जा."

हा होकार फार सहज आला. तो गोडवा तिला ठेकेदाराच्या चहासारखा वाटला.

"काढू म्हणजे कधी?"

"शाळा उघडायच्या आत."

"आणि नवी येईपर्यंत?"

"प्लायवूड ठोकू. आता तरी जाशील?"

"नाही," म्हणून ती पायरीवरच बसली. भावोजींनी ठेकेदाराकडे पाहिलं, ठेकेदाराने तिच्याकडे. शेवटी ठेकेदारानेच पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. पहिला स्क्रू करकरत सुटला. ती उठली नाही. पुढचाही सुटतो का, ते बघत राहिली.