टाकीला तीन फेऱ्या

आमचे हाजी, म्हणजे माझे यजमान बूहफस, मतलीलीहून वाळवंट ओलांडून तामनरासेत शहराला ट्रकनं माल नेतात. एकतीस वर्षं झाली. महिन्यातले चार दिवस घरी, बाकी सगळे ट्रकात. शेजारणी मला चिडवायच्या, "तुर्किया, तुझी सवत दहा चाकांची गं!" मी म्हणायची, असू दे, निदान उलटून तरी बोलत नाही.

रस्त्यावर ह्यांना मान मोठा. वाळूचं वादळ उठलं की बाकीचे ड्रायव्हर मुकाट ह्यांच्या मागे रांग लावायचे. वाटेत बंद पडलेल्याला सोडून हे कधी पुढे गेले नाहीत. चहा मात्र स्वतःच्याच हातचा. दुसऱ्यानं केलेला चहा म्हणजे ह्यांच्या लेखी भांडी विसळलेलं पाणी.

दोन वर्षांमागे ह्यांनी रात्रीची गाडी चालवणं सोडलं. म्हणाले, कंबर धरते. मीही बापडी तेल चोळत बसले कंबरेला.

यंदा आमची धाकटी, हद्दा, तामनरासेतला बाळंत झाली. पहिलटकरीण पोर, मी कशी घरी बसणार? हे म्हणाले, "विमानानं जा." मी म्हटलं, "एकतीस वर्षं त्या रस्त्याचं कौतुक ऐकतेय. एकदा बघू तर द्या." मग ऊन फार, धूळ फार, बाईमाणसाची गैरसोय, काय काय सांगून झालं. मी ऐकते होय! भाजलेला रवा, तूप नि मध डब्यात भरलं आणि सरळ वर चढून बसले. मागे बटाट्यांची पोती, पुढे आम्ही दोघं.

दोन दिवस छान गेले. समोरून ट्रक येताना दिसला की हे लांबूनच सांगायचे, "हा कद्दूर. त्याचा गिअर रडतो." आणि खरंच कद्दूर निघायचा. माझी छाती अभिमानानं फुगली, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी सकाळी अराकची खिंड मागे पडली. त्यापुढे पीराचं थडगं लागतं. तिथे प्रत्येक गाडी रस्ता सोडून थडग्याभोवती तीन फेऱ्या मारते, मगच पुढे जाते. कितीही घाई असो. ह्यांनी वेग कमी केला.

"डोक्यावरून नीट घे. पीर आला."

गाडी वाळूत उतरली. समोर पांढरंशुभ्र काहीतरी होतं. बघते तर रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांची पाण्याची टाकी! तिला नळ, नळाखाली बादली, आणि वर कुणाचा तरी पायजमा वाळत घातलेला. मला वाटलं, पाणी भरायला वळले. पण पहिली फेरी झाली, दुसरी सुरू झाली, आणि हे मोठ्यानं दुआ म्हणायला लागले. न्याहारी करणारे तीन मजूर हातातल्या भाकरीसकट उठून उभे राहिले. मला हसू फुटणार तेवढ्यात माझं लक्ष ह्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. केवढी भक्ती होती त्यावर! टाकीकडेच बघत होते. म्हणजे ह्यांना ती टाकी आहे हे दिसतच नव्हतं!

"आमीन म्हण की," हे म्हणाले.

"आमीन," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुन्हा रस्ता लागला. मी जीव मुठीत धरून बसले. राग इतका आला होता की वाटलं, आत्ताच्या आत्ता ओरडावं. पण ओरडून काय होणार होतं? ट्रक सुटला की ह्या माणसाचं काय उरणार? उंबऱ्यात बसून माश्या मारणार? गप्प राहावं तर दोघांचा जीव जायचा, आणि दुसऱ्या कुणाचाही.

पंधरा मिनिटांनी खरा पीर आला. चुना दिलेली भिंत, भोवती चाकांनी खोल पडलेली चाकोरी. हे गुणगुणत सरळ पुढे निघाले.

"हाजी, थांबवा."

"का? मळमळतंय?"

"थांबवा म्हणते ना! पीर मागे राहिला."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मघाशी फेऱ्या मारल्या की."

"ती पाण्याची टाकी होती. वर पायजमा वाळत होता."

ह्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"हसले का गं कोणी?"

"नाही. उठून उभे राहिले."

"चांगली माणसं."

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं. सगळं दुधात बुडाल्यागत दिसतं. रस्ता काळा, वाळू पांढरी, एवढं कळतं. बाकी कानानं."

"अहो, मोतीबिंदू तो! तुमच्या बहिणीचा नाही का काढला?"

"आणि डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितली तर? मग मी कोण?"

"आणि उद्या कुणाचं लेकरू चाकाखाली आलं, तर कोण?" मी म्हटलं. म्हणताना रडूच फुटलं मला.

ह्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

तेवढ्यात मागून एक ट्रक आला. पीराला तीन फेऱ्या मारून आमच्याशेजारी थांबला. मबरूक आणि त्याचा मेहुणा, दोघे आळीपाळीनं चालवणारे. मबरूकला गाडी ह्यांनीच शिकवलेली.

"बूहफसकाका! तुमची गाडी आणि बंद? कयामत आली वाटतं!"

मी घाईघाईनं म्हटलं, "गाडी ठीक आहे रे. ह्यांचं पोट बिघडलंय. रात्री ह्यांनीच शिजवलेलं मांस बाधलं."

"स्वतःच्या हातचं स्वतःलाच बाधलं?" मबरूक खो खो हसायला लागला.

हे दार धरून खाली उतरले. किल्ली त्याच्या आवाजाच्या दिशेनं पुढे केली.

"पोटाला काही झालेलं नाही. ही माझी लाज राखतेय. मला दिसत नाही रे, मबरूक. तुझं तोंडसुद्धा दिसत नाही."

मबरूकचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यानं दोन्ही हातांनी किल्ली घेतली, ह्यांच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि मेहुण्याला हाक मारली. मेहुणा आमच्या गाडीत ह्यांच्या जागेवर बसला. हे ट्रकला वळसा घालून, पत्र्यावर हात टेकत, माझ्या दाराशी आले. मी मध्ये सरकले आणि वर घ्यायला हात पुढे केला. दुसरी वेळ असती तर झिडकारला असता. त्यांनी तो धरला.