चेन्चो गवंड्याचा चेहरा

क्रेसेन्सियो, म्हणजे आमचा चेन्चो, जाऊन अकरा वर्षं झाली, तरी त्याच्याबद्दल कोणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. लपवून काय करू? तो माझ्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोम्पाद्रे म्हणायचो. माणूस सोन्यासारखा, आणि मी त्याला आयुष्यभर पाण्यात पाहिलं.

पुएब्ला शहरातल्या शाळेत, जिन्याच्या भिंतीवर चित्रकार डॉन लेओपोल्दो, म्हणजे आमचे लेओपोल्दोसाहेब, चित्र काढत होते, तेव्हा आम्ही दोघं त्यांचे गवंडी. आम्ही पहाटे जेवढी भिंत लिंपायची, तेवढीच त्या दिवशी त्यांनी रंगवायची. गिलावा सुकला की तो रंग धरत नाही. चेन्चो बोटाच्या पेरानं भिंत दाबून बघायचा आणि नुसतं "हं" म्हणायचा. त्या "हं"साठी एवढा मोठा चित्रकार हातात कुंचला घेऊन ताटकळत उभा असायचा. "झाली तयार" असं मीही कितीदा म्हणालो, पण ते लगेच चेन्चोकडे बघायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. खरं तर माझा हात त्याच्यापेक्षा सफाईदार होता. हे त्याची बायकोसुद्धा म्हणायची.

डॉन लेओपोल्दो चित्रात ओळखीची तोंडं घालायचे. मक्याचे वाफवलेले तामाले विकणारी बाई आली, शाळेचा पहारेकरी आला. एखाद्या कोपऱ्यात आपलंही तोंड यावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी रोज दाढी करून कामावर जायला लागलो. चेन्चोनं हे ओळखलं असणार, कारण मला परांचीवर उजेडाच्या बाजूला उभं करून तो स्वतः मागे सरायचा. त्याचाही मला रागच यायचा.

मग चेन्चोला ताप भरला. त्याची बायको एउलालिया निरोप घेऊन आली की शाळेच्या अंगणात चुना भिजत घातलाय, त्यातल्या डाव्या खड्ड्यातला घ्या, उजव्यातला अजून मुरला नाही. निरोप नसता तर मी डाव्यातलाच घेतला असता, तेवढं मलाही कळत होतं. पण अंथरुणात पडूनही हा माणूस मला शिकवणार? मी उजव्या खड्ड्यात फावडं घातलं.

चुना वरून लोण्यासारखा दिसत होता. भिंत अशी गुळगुळीत झाली की डॉन लेओपोल्दोंनी पहिल्यांदाच मला विचारलं, सुरू करू का? मी पेरानं दाबलं आणि "हं" म्हणालो. एवढं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

त्यांनी दिवसभर खपून तिथं पाट्यावर मका वाटणारी बाई रंगवली. चौथ्या दिवशी तिच्या गालावर फोड आले. चुन्यातले कच्चे कण आतून फुटत होते. चेन्चो त्याच सकाळी कामावर परतला होता, गालफडं बसलेली, पाय लटपटत होते. त्यानं त्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. खालून डॉन लेओपोल्दोंनी विचारलं, हा चुना कोणाचा.

"माझा," चेन्चो म्हणाला. "तापात होतो. चुकीच्या खड्ड्याचा निरोप धाडला."

मी तोंड उघडलं नाही. डॉन लेओपोल्दोंनी मनसोक्त शिव्या घातल्या, आणि मग दम लागल्यावर हसले.

"फोडा सगळं. चेन्चो, नव्यानं तूच लिंप. त्या बाईच्या जागी तुलाच बसवतो. तुझ्या चुन्यावर तूच लक्ष ठेव."

माझी भिंत मीच छिन्नीनं फोडली. त्यानं ती लिंपली, मला हातही लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत चेन्चो हातात थापी घेऊन भिंतीवर उभा होता, हुबेहूब.

घरी जाताना मी त्याच्यावर खेकसलो, "तुला मध्ये पडायला कोणी सांगितलं होतं?"

"कोम्पाद्रे, मला ते कामावरून काढणार नाहीत," तो म्हणाला. "तुला काढलं असतं."

हे खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. आभार मानायचे राहूनच गेले, आणि मानायचे नव्हतेही.

आता कधी शाळेत गेलो तर नवी मास्तरीण विचारते, आजोबा, यातलं तुमचं काम कोणतं? मी चेन्चोच्या चेहऱ्याकडे बोट दाखवतो आणि सांगतो की त्याच्या खालचा गिलावा माझा. चेन्चो वरून बघत असतो, आणि याही वेळी काही बोलत नाही.